पोटाला विश्रांती

‘आज नको,’ सिस्टर म्हणाल्या, आणि मी पुढे केलेली दुधाची बाटली माझ्याच हातात राहिली. दारावर आलेल्या भाजीवाल्याला आपण सांगतो ना, आज नको बाबा, उद्या बघू, अगदी त्या सुरात. मी नुसतीच उभी. मागे हात धुवायच्या बेसिनचा नळ कुणीतरी नीट बंद केला नव्हता, तो ठिबकत होता, आणि मला सगळ्यात आधी राग आला तो त्या नळाचा. काचेतून आमची पेटी दिसत होती. आमची म्हणजे आमच्या मुलीची. सातव्या महिन्यातच घाई करून बाहेर आली ती, आणि तेव्हापासून त्या उबदार पेटीत पडून वाढते आहे. नाकातल्या नळीतून माझं दूध तिच्या पोटात जातं. म्हणजे जायचं, कालपर्यंत. कुणी तपासायला गेलं की ती एक हात वर करते, हरकत घेतल्यासारखा, म्हणून सिस्टर तिला वकिलीणबाई म्हणतात. आज वकिलीणबाईंचे दोन्ही हात अंगाशी पडले होते आणि पोट मात्र पुरी फुगावी तसं तट्ट दिसत होतं. ‘का नको?’ मी विचारलं. ‘डॉक्टर सांगतील.’ ‘तुम्ही सांगा ना. तुमच्या डोळ्यांसमोर आहे ती.’ त्यांनी मास्क उगाचच वर ओढला. ‘तिच्या पोटाला विश्रांती देतोय.’ विश्रांती! जन्माला आल्यापासून जिने इकडची काडी तिकडे केली नाही, तिच्या पोटाला विश्रांती. मी बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते पुन्हा पाहिलं, कारण हाताला दुसरं काही काम नव्हतं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, डोळ्यांखाली काळं, केसांना पेन अडकवलेलं. तिने हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर एक वेडंवाकडं वेटोळं काढलं आणि म्हणाली, हे आतडं. मी म्हटलं, बरं. पहाटे शीमधून थोडं रक्त गेलं, पोट फुगलं, नळीतून हिरवं पाणी उलट आलं, म्हणून एक्सरे काढला. त्यात आतड्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे दिसतात. लवकर जन्मलेल्या बाळांना हा त्रास होतो. आतडं सुजतं आणि कधी कधी त्याचा एखादा भाग मरायला लागतो. म्हणून दूध बंद, पोषण शिरेतून, औषधं चालू आणि दर काही तासांनी एक्सरे. तो भाग तगला तर प्रश्न मिटला. नाही तगला, भोक पडलं, तर पोट उघडून काढून टाकावा लागेल. ‘आणि किती जाईल, किती राहील?’ ‘ते आत्ता सांगता येणार नाही.’ ‘राहिलेल्यावर माणूस जगतो?’ ‘किती राहतं त्यावर आहे.’ ‘मग कळणार कधी?’ ‘बघूया.’ हे ‘बघूया’ मी ओळखते. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात काम करते. दिवसभर कानाला फोन लावून लोकांना सांगते, काम चालू आहे, माणसं पाठवली आहेत, आपली तक्रार पोचली आहे. पाणी कधी येईल ते मला ठाऊक नसतं. पण ठाऊक नाही म्हणायचं नाही अशी साहेबांची सक्त ताकीद. एक म्हातारे गृहस्थ एकदा म्हणाले होते, बाई, तुम्ही फार गोड बोलता, त्यापेक्षा एक शिवी द्या, निदान पलीकडे माणूस आहे असं वाटेल. तेव्हा मी आणि शेजारच्या टेबलावरची पोट धरून हसलो होतो. आता ही पोरगी माझ्यासमोर तशीच गोड बोलत होती, आणि ताकास तूर लागू देत नव्हती. शेवटी तिने खोकं खाली ठेवलं, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, ‘आणि हे बघा, यात तुमची काही चूक नाही हं.’

मी कुठे म्हटलं होतं? मी चकार शब्द काढला होता का चुकीबद्दल? पण त्या दिवसापासून जो तो हेच ऐकवायला लागला. नवऱ्याने फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं, आणि शेवटी घसा साफ करून म्हणाला, ‘तुझी काही चूक नाही, लक्षात ठेव.’ लक्षात ठेव! बाजारातून आणायच्या सामानासारखं. माझ्या आईने दूरच्या गावाहून फोन करून तेच सांगितलं, वर हुंदका दिला. नणंदेने तर ‘कुणीही काहीही म्हणो, तुझी चूक नाही’ असं म्हणून कुणीतरी काहीतरी म्हणतंय हेही कळवून टाकलं. एखाद्याला शंभरदा सांगितलं की तुझ्या शर्टाला डाग नाहीये, तर तो काय करेल? मान वळवून वळवून पाठ बघेल. मी बघणार नाही असं ठरवलं होतं. पोर लवकर का आली? आली. माझा रक्तदाब चढला, डॉक्टर म्हणाले आता काढायला हवं, काढलं. त्यात मी काय करायचं होतं, तिला आत बसवून ठेवायचं होतं? असा मी स्वतःशी वाद घालत असे, जिन्यात, बसथांब्यावर, आंघोळ करताना, आणि प्रत्येक वेळी जिंकत असे. आणि जिंकले की पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्याचं वेगळंच. तो इमारतींचे नकाशे काढतो, आणि त्याला सगळं समजलं म्हणजे निम्मं दुखणं गेलं असं वाटतं. घरी त्याला सगळे मास्तर म्हणतात ते उगीच नाही. त्याने आतड्याच्या प्रत्येक भागाचं नाव पाठ केलं, कुठला भाग काय शोषून घेतो, कुठला गेला तर चालतं, कुठला गेला तर चालत नाही. जेवणाच्या टेबलावर तो बोटाने हवेत रेघा ओढत हे सांगायचा आणि मी त्याच्या बोटाकडे बघत राहायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे, ही इमारत नाही, पाडून परत बांधायला. पण त्याचा आवाज मध्येच चिरकायचा आणि मग मला बोलवत नसे.

दूध काढणं मात्र थांबवायचं नव्हतं. आटलं तर परत येणार नाही, सिस्टरांनी बजावलं होतं. वॉर्डाशेजारी त्यासाठी एक खोली होती, बिनखिडकीची. ओळीने खुर्च्या, प्रत्येकीपुढे एक पंप, आणि भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र. असलं बाळ त्या खोलीतल्या एकीचंही नव्हतं. माझ्या शेजारी जुळ्यांची आई बसायची. तिचं दूध धो धो. बाटल्या भरून ती पंपाकडे बघतही नसे, मोबाइलवर कुणाशी तरी भांडत असे. माझ्या पंपाचा आवाज दमेकऱ्यासारखा, आणि थेंब पडायचे मोजूनमापून. जिला प्यायला बंदी तिच्यासाठी मी दिवसातून इतक्यांदा पदर बाजूला करून बसते, हे कुठल्या शहाण्याला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल, असं मनात यायचं. त्या बाटल्या घरी जायच्या, फ्रिजरमध्ये. तो भरला. बर्फाचे ट्रे बाहेर आले, मटार बाहेर आले. आणि घरात आणखी एक भानगड सुरू झालेली. सासूबाई जेवेनाशा झाल्या. नवस नाही, काही नाही; नुसतं ताटावर बसायचं, दोन घास चिवडायचे आणि उठायचं. ‘तिला उपाशी ठेवलंय गं तिकडे,’ म्हणायच्या, ‘घास कसा उतरेल? माझं आतडं तुटतं.’ कुणाचं आतडं काय करतंय हे या घरात जरा बघून बोलायला हवं होतं, पण त्यांच्या ते ध्यानीमनी नसे. आईचं बघून नवराही अर्धंच जेवायला लागला. आणि मी? मला भूक लागायची. वखवखल्यासारखी. दूध काढणाऱ्या बाईला लागतेच, तिला चार माणसांचं खावं लागतं. मी भाताचा डोंगर, दोन अंडी, पाव, पुन्हा भात असं खात असे आणि समोर ती दोघं पाण्याचे ग्लास हातात घेऊन माझ्याकडे प्रेमाने बघत बसायची. कुणी काही बोलत नसे. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

एका दुपारी मी हॉस्पिटलमधून आले, तर सासूबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेल्या, ओट्याला पाठ टेकून, तोंड पांढरं. घेरी आली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘आई, आता तुम्हाला पण दाखल करू का? शेजारची खाट सांगून ठेवते, दोघींनाही एकच नळी लावतील!’ त्या काहीतरी पुटपुटल्या. ‘एक शब्द बोलू नका,’ म्हटलं. फ्रिज उघडला, छोट्या पातेल्यात दूध होतं ते घेतलं, चहा टाकला, चांगली तीन चमचे साखर घातली, आणि कप त्यांच्या हातात देऊन समोर उभी राहिले. ‘प्या.’ ‘अगं, थोडासाच…’ ‘सगळा.’ त्या मुकाट्याने तळापर्यंत प्यायल्या. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मला त्या क्षणी जगात एक तरी गोष्ट माझ्या म्हणण्याप्रमाणे झाली असं वाटलं. इतक्यात नवरा आला, हातात नव्या बाटल्यांची पिशवी. फ्रिज उघडून तो तसाच वाकून राहिला. ‘पातेल्यातलं कुठे गेलं?’ ‘कुठलं?’ ‘अगं, तुझ्या सकाळच्या दोन बाटल्या! तुला न्यायला रिकामी बाटली उरली नव्हती म्हणून मी पातेलं उकळून घेतलं, त्यात ओतून ठेवलं होतं.’ सासूबाईंनी कपात पाहिलं. मग माझ्याकडे. ‘तरीच,’ त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं, साखर जास्त झाली.’ आणि दुसऱ्या क्षणाला त्यांनी तोंडावर हात ठेवला, ‘अगं बाई, पोरीच्या तोंडचं प्यायले मी!’ म्हणून रडायलाच लागल्या. मला हसू आलं. म्हणजे असं आलं की ओट्याला धरून मी खाली बसले, त्यांच्या शेजारी, आणि हसतच सुटले, सिझेरियनच्या टाक्यांना कळ लागेपर्यंत. नवरा बाटल्यांची पिशवी घेऊन दोघींकडे आळीपाळीने बघत होता, कुणाची समजूत काढायची ते त्याला कळेना. ‘मास्तर,’ मी म्हटलं, ‘नाव लिहून ठेवत जा रे पातेल्यावर.’ पुढचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी संध्याकाळभर मी सासूबाईंवर नजर ठेवून होते. त्या पोट चोळतात का, त्यांना मळमळतं का, संडासला किती वेळा जातात. दोनदा तर मी विचारलंही, आई, बरं वाटतंय ना, पोटात काही होत नाही ना? त्यांना वाटलं, सून काय मायाळू आहे. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या, आणि सकाळी ठणठणीत होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मला माझाच संशय आला.

त्याच सकाळी वॉर्डातून फोन आला, लगेच या. पेटीपाशी सहा माणसं. पोटाचा रंग निळसर झालेला, एक्सरेत हवा आतड्याबाहेर दिसत होती. भोक पडलं होतं. ऑपरेशनला पर्याय नव्हता. लहान बाळांचा सर्जन म्हणजे कुणी नाजूक बोटांचा माणूस असेल असं मी धरून चालले होते, तर हा पैलवान, मनगटं म्हणजे मुसळं. ही मनगटं त्या एवढ्याशा पोटात कशी मावायची? मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, ‘माझी आईपण हेच विचारते.’ नवऱ्याने त्याला विचारलं की लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडप वाचेल का, आणि त्याने प्रथमच नवऱ्याकडे नीट पाहून सांगितलं, प्रयत्न तोच असेल. मग आम्ही बाहेर बसलो. बाकडं लोखंडी, भोकाभोकांचं. समोर कॉफीचं मशीन, त्यावर ‘बंद आहे’. आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन ती पाटी वाचायचं, तरीही पैसे टाकायचं, मशीनला थापट्या मारायचं आणि आमच्याकडे बघून हताश हसायचं. हसण्याला उत्तर द्यावं लागायचं. माझे स्तन दगड झाले होते, दूध काढायची वेळ टळून गेली होती, ब्लाउज ओला होत होता, आणि मी उठत नव्हते. मला वाटत होतं मी उठले की तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार उघडेल. मला सगळ्यांचा राग येत होता. नवऱ्याचा, कारण तो डोळे मिटून ओठ हलवत होता. सर्जनचा, कारण तो विनोद करून आत गेला. आणि सगळ्यात जास्त त्या पोरीचा, हे लिहितानाही लाज वाटत नाही मला, तिचाच. एवढी कसली घाई होती? आणि आलीस तर आलीस, सगळी बाळं गिळतात, पचवतात, शी करतात, त्यात काय मोठी परीक्षा आहे, तेवढंसुद्धा तुला नीट जमू नये? शेवटी दार उघडलं. सर्जनने टोपी काढली, कपाळावर वळ उमटलेला. मेलेला भाग काढला होता, झडप वाचली, वरच्या बाजूचं टोक तूर्त पोटावर बाहेर काढून ठेवलं होतं, शी तिथून होईल, आणि काही महिन्यांनी दोन्ही टोकं जोडायची. ‘राहिलंय तेवढं पुरेल?’ मी विचारलं. ‘पुरायला हरकत नाही,’ तो म्हणाला. ‘पण ते आता तिच्या पोटाने सांगायचं.’

पुढचे दिवस ते पोट काही सांगेना. पोटावर आतड्याचं लालबुंद टोक, शर्टाच्या बटणाएवढं, त्यावर छोटीशी पिशवी, आणि ती पिशवी कोरडी. आमच्या घरातल्या शिकल्यासवरल्या तीन माणसांचं सगळं लक्ष त्या पिशवीवर. सकाळी सासूबाई पहिला प्रश्न विचारायच्या, झाली का? ऑफिसातून शेजारच्या टेबलावरचीचा निरोप, झाली का? नवरा साइटवरून फोन करायचा आणि भोवती कामगार असल्यामुळे हळू आवाजात विचारायचा, ‘ते… झालं का?’ ‘नाही झालं ते,’ मी ओरडायचे. मग एका दिवशी सिस्टरांनी मला लांबूनच हात केला. पिशवीत हिरवट पिवळं काहीतरी होतं, चमचाभरसुद्धा नाही. सर्जनने वाकून पाहिलं, म्हणाला, ‘सुरेख!’ मी घरी फोन लावला आणि भर कॉरिडॉरमध्ये सासूबाईंना तिचा रंग, दाटपणा, वास असं सगळं सविस्तर ऐकवलं. लोक वळून बघत होते. बघेनात का!

आणखी काही दिवसांनी ती केसांत पेनवाली डॉक्टर आली आणि म्हणाली, ‘आज दूध सुरू करूया.’ या एका वाक्यासाठी मी किती जणांशी भांडले होते! कधी सुरू करणार, अजून का नाही, आटलं तर जबाबदार कोण. आणि आता माझ्या तोंडून निघालं, ‘नको.’ तिला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. ‘आज नको,’ मी म्हणाले, ‘अजून थोडे दिवस जाऊ देत. शिरेतून चाललंय ना सगळं? चालू दे.’ दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे पुढ्यात पुन्हा दूधच होतं, तेच, माझं. सिस्टरांनी सिरिंज भरून ठेवली होती, त्यात तळाशी थोडंसं, बाहुलीला पुरणार नाही एवढं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला अंगभर थंडी वाजत होती. इतके दिवस रागावून रागावून मी जे अडवून धरलं होतं, ते आता अडेना. ‘खरं सांगा,’ मी म्हणाले. ‘हे माझ्या दुधाने झालं का?’ ‘अहो, तुमची काही चू…’ ‘चुकीचं नाही विचारत मी. दुधाचं विचारतेय.’ तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. केसांतलं पेन काढून खिशात खोचलं. मग म्हणाली, ‘दुधाने नाही. आईच्या दुधावरच्या बाळांना हे उलट कमी होतं. पण हिलाच का झालं, ते मला माहीत नाही. ही बाळं कच्ची असतात, एवढं आम्ही सांगू शकतो. त्यापुढचं कुणालाच नीट ठाऊक नाही.’ ‘पुन्हा होईल?’ ‘होऊ शकतं. म्हणून थेंबाथेंबाने देणार, आणि इथेच उभं राहून बघणार.’ इतक्या दिवसांत ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारं हे पहिलं माणूस. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. भीती गेली नाही, ती तशीच होती, पण आता ती आम्हा दोघींमध्ये ठेवलेली होती, मला एकटीला उचलायची नव्हती.

मी सिरिंज घेतली. तिला दट्ट्या नव्हता. नुसती नळीला जोडून उंच धरायची, की दूध आपोआप उतरतं. ‘वर धरा,’ सिस्टर म्हणाल्या, ‘हात खाली आला की थांबतं ते.’ मी वर धरली. दूध हलेना. मी श्वास रोखून बघत राहिले, ती पांढरी रेघ जागची ढळेना, आणि पेटीत ती आपली आरामात, ओठ चाटून बघितल्यासारखं करत, एक डोळा किलकिला उघडून पडलेली. खांदा भरून आला. रेघ केसभर खाली आली आणि पुन्हा अडून बसली. ‘अगं, आटप की गं बाई!’ मी म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात, ‘एवढंसं जेवायला किती वेळ लावतेस!’ सिस्टर खुदकन हसल्या. मग मला माझं बोलणं ऐकू आलं, आणि रडू फुटलं ते फुटलंच. पण हात मी खाली येऊ दिला नाही.